विस्तवापाशी बसायचं राहिलं

पळस फुलला की आमच्या ग्रुपवर 'रविवारी निघायचं का?' हा प्रश्न येतोच. ग्रुपमध्ये आम्ही सात-आठ जण, सगळे अमरावतीचे, सगळे शिकवणारे. कोणी शाळेत, कोणी कॉलेजात, मी कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री. बारावीचे पेपर संपत आलेले असतात, उन्हाला अजून तेवढी धार आलेली नसते, आणि परतवाड्याच्या पलीकडे मेळघाटाचे डोंगर आपली वाट बघत बसलेत असं प्रत्येकाला वाटायला लागतं. विचारणाऱ्याला धडाधड अंगठे मिळतात. माझा अंगठा नसतो. गेली तीन वर्षं माझं काही ना काही निघतं. कधी पेपर तपासायचे असतात, कधी गाडीचं काम असतं, कधी आईला भेटायला अकोल्याला जायचं असतं. सर आता जंगलातून रिटायर झाले, असं एकानं लिहिलं. मी हसरा चेहरा टाकला आणि विषय संपवला.

यंदा नेमक्या त्याच आठवड्यात मुलीनं घरच्या ग्रुपवर एक जुना फोटो टाकला. ती अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकते. तिच्या फोननं आपणहून तीन वर्षांपूर्वीचा दिवस वर काढून दिला होता. फोटोत मी गाडीची पुढची काच धुतोय. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात जुना टॉवेल, तोंडभर हसू. पायाशी एक निळा प्लास्टिकचा कॅन. मागे केशरी झालेला पळस, आणि त्याच्या डाव्या अंगाला, कोणाचं लक्षही जाणार नाही असा, राखेचा करडा ढीग. खाली मुलीनं लिहिलं होतं, 'बेस्ट संडे'. बायकोनं त्यावर बदाम टाकला. मी फोन उलटा करून ठेवला आणि क्लासला गेलो. त्या दिवशी दुसऱ्या तासाला मी फळ्यावर एक समीकरण चुकीचं लिहिलं आणि ते पोरांनी दाखवून दिलं.

आमच्याकडच्या माणसाला जंगल काही लांब वाटत नाही. अमरावतीतून वडाळीचा तलाव ओलांडला की पोहऱ्याचं रान लागतं. अकोल्याच्या माणसाला काटेपूर्णा आहे, अकोटच्या वर नरनाळा आहे. मेळघाट तर सकाळचा चहा घेऊन निघालं तर ऊन चढायच्या आत येतो. म्हणून आम्ही जंगलात पाहुण्यासारखे जात नाही, मामाच्या घरी गेल्यासारखे जातो आणि वागतोही तसेच. दिसेल त्याला हात लावायचा, मोठ्यानं बोलायचं, आणि जेवायला काय आहे ते आधी विचारायचं. इतक्या वर्षांत मला वाघ एकदाही दिसला नाही. एकदा अस्वलाची पाठ दिसली, तीही झुडपात शिरताना. एकदा गव्यांचा कळप रस्त्यात आडवा उभा होता. त्यातला एक थोराड नर आमच्या गाडीकडे अशा नजरेनं बघत होता, की परीक्षेच्या हॉलमध्ये मी पोरांकडे कसा बघत असेन ते मला तेव्हा कळलं.

पण जंगल आवडायचं, हे खोटं नाही. परतवाडा सोडला की गाडीचा एसी बंद करून काचा खाली करायच्या, हा आमचा ठराव असायचा. घाटात पहिल्या वळणावर हवा बदलते. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडतात, त्यांचा आवाज इतका मोठा असतो की बोलणं थांबवावं लागतं. सालईची पांढुरकी खोडं उन्हात नुकती धुऊन वाळत घातल्यासारखी दिसतात. आणि मोह. मोहाच्या फुलांचा वास आधी गोड लागतो, मग जरा आंबूस, मग तो डोक्यात जाऊन बसतो. पहाटे पडलेली फुलं वेचणाऱ्या बाया टोपल्या घेऊन परत येत असतात. आम्ही हात हलवायचो, त्या हसायच्या. संध्याकाळपर्यंत घरी पोचायचो, सोमवारी पहिल्या लेक्चरला कानातून अजून धूळ निघत असायची. मला वाटायचं, आपलं या जंगलाशी काही नातं आहे.

आता रोडग्यांचं सांगायला हवं, कारण ते आमच्याकडचंच आहे. जाडसर दळलेल्या कणकेत तेल घालून, पदर देऊन गोळे वळायचे. गोवऱ्या रचून पेटवायच्या, त्यांचा जाळ बसला आणि लाल निखारे उरले की ते पसरून त्यात गोळे ठेवायचे, वरून गरम राखेनं झाकायचे. तासाभरानं काढायचे, फडक्यात घेऊन राख झटकायची, फोडून वर तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. नवस फेडायचा असला, सुगी झाली, पोरगा नोकरीला लागला, की रोडगे होतात, आणि ते घरात करायचे नसतात. वावरात, नदीकाठी, देवाच्या ठिकाणी, उघड्यावर करायचे. खाताना दातात थोडी राख आली तर तिच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

आमची वाडी अकोल्याच्या बाहेर, भाजीपाल्याची आणि झेंडूची. तिथं वर्षातून दोन वेळा तरी रोडगे व्हायचे. आमच्या घरचा एक नेम होता: रोडग्याच्या विस्तवावर पाणी टाकायचं नाही. देवासाठी पेटवलेला विस्तव, तो त्याचा त्यालाच शांत होऊ द्यायचा. लहानपणी मला या नेमाचं विशेष काही वाटायचं नाही, कारण त्याची बाकीची अर्धी बाजू रोज डोळ्यांसमोर असायची. जेवणं उरकली, बाया भांडी घासायला गेल्या, पाहुणे बैलगाडीत बसले, की आमचा बाप त्या राखेपाशी जाऊन बसायचा. दोन-दोन तास. हातात काडी घेऊन राख उकरायचा, पुन्हा सारखी करायचा, बिडी ओढायचा. घरी चला म्हटलं तर म्हणायचा, थांब, अजून गरम आहे. शेवटी तळहात राखेत खुपसून बघायचा आणि मगच उठायचा. ते बसणं हाही नेमच होता. तो माझ्या ध्यानात आला नाही, कारण ते कोणी कधी तोंडानं सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मुलीचा बारावीचा शेवटचा पेपर झाला. आईनं नवस बोलला होता, नातीचे पेपर धड गेले तर महादेवाला रोडगे. वाडीवर आता भावानं सगळीकडे ठिबकच्या नळ्या अंथरल्या आहेत, विस्तवाला जागा नाही. मग मीच सुचवलं, आपण मेळघाटाकडे करू, नवसही होईल आणि फिरणंही. एका रविवारात दोन कामं उरकायची ही कल्पना मला फार हुशारीची वाटली होती. जंगलखात्याच्या गेटच्या आत विस्तव करू देत नाहीत, ते मला माहीत होतं. म्हणून गेटच्या बरंच अलीकडची, मुख्य रस्ता सोडून आत जाणारी एक जागा मी निवडली. कोरडा नाला, त्याच्या काठी पळसाखाली महादेवाची साधी पिंड, आजूबाजूला मोह. ही जागा मला शोभारामनं दाखवली होती.

शोभाराम त्या बाजूच्या कोरकू गावातला, माझ्याच वयाचा. आधीच्या दोन-तीन फेऱ्यांत ओळख झाली होती. उन्हाळ्यात गावाच्या वतीनं आगीवर लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. हिरव्या फांद्यांचा झाडू खांद्यावर टाकून तो डोंगर फिरायचा. नाल्याकाठच्या मोहांपैकी पाच झाडं त्याच्या घरची. तिथं झाडं अशी घराघरांची ठरलेली असतात, दुसरा कोणी त्यांची फुलं वेचत नाही. दर वेळी आम्ही त्याला चहा पाजायचो, तो आम्हाला गव्याचे खूर दाखवायचा, आणि पुढच्या रविवारी याल ना, असं विचारायचा. आम्ही हो म्हणायचो आणि कधी कधी यायचोही.

त्या दिवशी गोवऱ्यांचं पोतं बघून त्याचा चेहरा जरा उतरला. पण आईनं नवसाचं सांगितलं तेव्हा तो पुढे झाला. देवाचं काम, त्याला नाही कसं म्हणणार. त्यानं हातानं पिंडीभोवतीचा पाला दूर सारून दिला, विस्तवाची जागा दाखवली. मग वरच्या चढावर काम आहे म्हणून निघाला. निघण्याआधी मला बाजूला घेऊन म्हणाला, "दुपारून वारा सुटते साहेब. पानी टाकून जाजा."

पाणी कुठलं, असं मी विचारायच्या आत त्याची बायको आली. फुलकाय. डोक्यावर निळा कॅन, काठोकाठ भरलेला. नाला कोरडा होता, ती वरच्या अंगाला झिऱ्यावर गेली होती. तिथं वाळूत खड्डा करतात, त्यात पाणी थेंब थेंब साठतं, वाटीनं भरावं लागतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की तिनं कॅन खाली ठेवला, पदरानं कपाळ पुसलं आणि विस्तवाच्या जागेकडे बोट दाखवलं. एक शब्द बोलली नाही. आईनं तिला जेवायला थांब म्हटलं, तर मान हलवून निघून गेली.

रोडगे फार छान झाले होते. इथं खोटं का बोलू. वांगी वाडीवरची होती, तूप आईनं घरून आणलं होतं. मुलगी पेपर संपल्याच्या आनंदात होती, सारखे फोटो काढत होती. जेवताना कॅनमधल्या पाण्यानं हात धुतले, ताटं विसळली. आईनं एकवीस रोडगे टाकले होते, काढताना वीस निघाले. ती दोनदा मोजत बसली. मला म्हणाली, काडीनं राख उकरून बघ, राहिला असेल तळाशी. ऊन तापलं होतं, पोट भरलं होतं. मी म्हटलं, राहू दे आई, एक जंगलाच्या नावानं. ती हसली. मी काडी घेऊन ती राख उकरली असती तर खाली काय आहे ते मला दिसलं असतं.

कॅनमध्ये अर्ध्याहून जास्त पाणी उरलं होतं. मी तो उचलून राखेकडे निघालो, हे मात्र खरं. आईनं हटकलं. "अरे बाबू, देवाच्या इस्तवावर पानी नाई टाकत." मी लगेच थांबलो. इतका लगेच, की आईला बरं वाटलं असेल. मग चार ओंजळी माती टाकावी, की थोडं बसावं, असा विचार मनात येऊन गेला. पण बायकोला उजेड असताना घाट उतरायचा होता, मुलीला परतवाड्यात आइस्क्रीम हवं होतं, आणि गाडीच्या काचेवर धुळीचा थर बसला होता. हातात कॅन होताच. मी पँट दुमडली आणि उरलेल्या पाण्यानं काच धुतली. रिकामा कॅन पिंडीला टेकवून उलटा ठेवला, म्हणजे शोभारामला सापडेल. ती काच किती स्वच्छ निघाली होती, ते मला अजून आठवतं.

घाटात बायकोनं आरशात बघून सांगितलं, मागे धूर दिसतोय. मी न बघताच म्हणालो, मोहावाले जाळत असतील. झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात ते, म्हणजे फुलं वेचायला सोपं जातं. मी मुलीला ते नीट समजावून सांगितलं. शिक्षक आहे, समजावून सांगायची सवय आहे. पुढच्या वळणावर मी आरसा जरा खाली फिरवला. ऊन डोळ्यावर येतंय म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. ऊन समोरून येत होतं.

दोन दिवसांनी क्लासच्या स्टाफरूममध्ये पेपर उघडा पडला होता. आतल्या पानावर लहानशी बातमी, मोहफुलं वेचणाऱ्यांच्या आगीमुळे जंगल जळालं. जागेचं नाव नव्हतं. फोटो होता, काळा पडलेला नाल्याचा काठ आणि मध्ये महादेवाची पिंड. आमचे फिजिक्सचे सर चहा ढवळत म्हणाले, या लोकांना जंगलाची काही किंमत नाही. स्टाफरूममध्ये पाच-सहा जण होते. मी म्हणालो, "हो ना."

ते दोन शब्द मी परत घेऊ शकलो असतो. त्याच मिनिटात, त्याच दिवशी, त्याच आठवड्यात. घेतले नाहीत. उलट घरी गेल्यावर हिशोब मांडत बसलो, की आपला विस्तव तर विझत आला होता, दुसऱ्या कोणी काडी टाकली असेल, बिडीवालेही असतात. संध्याकाळच्या बॅचला ज्वलन शिकवायचं होतं. इंधन, हवा, उष्णता. तीन गोष्टी एकत्र आल्या की आग. एका पोरीनं विचारलं, राखेखाली निखारा किती वेळ जिवंत राहतो सर? मी तिला सविस्तर उत्तर दिलं. राख हवेला अडवते, उष्णता धरून ठेवते, गोवरीचा निखारा तर अर्धा दिवससुद्धा टिकतो, आणि वाऱ्यानं वरची राख उडाली की पुन्हा पेटतो. उत्तर अगदी बरोबर होतं. पोरीनं ते वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर आम्ही जंगलात गेलो नाही असं नाही. पक्षी बघायला काटेपूर्णेला गेलो, एकदा नरनाळ्याचा किल्ला चढलो. परतवाड्याचा रस्ता तेवढा मी टाळला. घरच्यांना सांगितलं की आता अकोल्याची बाजू बघू, आईचीही भेट होते. आई दर वेळी त्या रोडग्यांची आठवण काढायची, असा नवस आजवर फेडला नव्हता म्हणायची. मी ऐकून घ्यायचो. आणि मनात, कबूल करायला लाज वाटते, तिच्यावर रागवायचो. तिनं अडवलं नसतं तर मी पाणी टाकलं असतं. दोन वर्षं मी हा दोष त्या म्हातारीच्या पदरात टाकून स्वतः मोकळा झोपत होतो. तिला याचा पत्ताही नव्हता.

मागच्या दिवाळीत वाडीवर गेलो होतो. आई अंगणात शेगडीतले निखारे राखेनं झाकत होती आणि मी सहज विचारलं, विस्तवावर पाणी का टाकायचं नाही? ती म्हणाली, पाणी टाकलं की माणूस उठून जातो. मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाली, विस्तव आपण पेटवला तर त्याच्यापाशी आपणच बसायचं. तुझा बाप बसत नव्हता का. एवढं सांगून ती आत गेली. मी तिथंच उभा राहिलो. नेमाची सोपी अर्धी बाजू मी पाळली होती, कारण ती पाळायला काही करावं लागत नव्हतं. आईनं पाण्याला मनाई केली होती. बसायला कोणी मनाई केली होती? आणि काच धुवायला कोणी सांगितलं होतं?

म्हणून यंदा तो फोटो आला तेव्हा मला कुठं पळायला जागा उरली नव्हती. रविवारी सकाळी घरात क्लासचं काम आहे असं सांगून निघालो. एकटाच. आजवर जंगलात एकटा कधी गेलो नव्हतो, सोबत नेहमी डबे, पोरं, गाणी. परतवाड्याला चहाला थांबलो नाही. काचा खाली केल्या, मोहाचा वास आला, आणि मी काचा पुन्हा वर केल्या. पळस नेहमीसारखाच फुलला होता. तो फुलला नसता तर मला बरं वाटलं असतं.

फाट्यावरच्या टपरीवर मी शोभारामचं घर विचारलं. टपरीवाली बाई म्हणाली, "कोनता? जंगल जाळलं तो?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, पत्ता सांगताना खूण सांगावी तशी ती बोलली. मग तिनंच पुढे सांगितलं. आगीवर लक्ष ठेवायचं काम त्याचं गेलं. ज्याच्या झाडाखालून आग सुटली त्याच्यावर भरवसा कसा ठेवणार, असं गावानंच ठरवलं. त्याच्या पाचातले दोन मोह बुंध्यातून पोखरत जळाले आणि पावसात पडले. आता तो मजुरीला जातो. मी चहाचा ग्लास तसाच ठेवून निघालो.

तो नाल्यापाशीच भेटला, उरलेल्या तीन झाडांखाली. जमीन फांद्यांनी झाडून साफ केलेली. आता पाला जाळत नसावा. केस पांढरे झाले होते. मला त्यानं लगेच ओळखलं, हातातली टोपली खाली ठेवली. मी वाटभर वाक्यं जुळवत आलो होतो, ती सगळी विसरलो. म्हणालो, ती आग आमच्या रोडग्यांच्या विस्तवाची होती. मी तो विझवला नाही.

त्यानं टोपली बुंध्याशी सरकवून ठेवली. मग पिंडीपाशी घेऊन गेला. पिंडीच्या दगडाच्या एका अंगाला निळा डाग होता, वितळून चिकटलेला. तो कॅन. शोभाराम खाली बसला आणि म्हणाला, "मले मालूम होतं साहेब. राखेत रोडगा भेटला होता. आमी कुठी रोडगे करतो?"

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? त्यानं सांगितलं होतं, दोघा-तिघांना. जळका गोळा हातात घेऊन दाखवलाही होता. पण गोळा काय बोलणार, माणूस पाहिजे. आणि त्याला वाटलं होतं की आम्ही पुढच्या रविवारी येऊ. तेव्हा आम्हालाच गावापुढे उभं करायचं. तो चार रविवार फाट्यावर येऊन थांबला होता. हे त्यानं अगदी साध्या आवाजात सांगितलं, आणि मला त्याच्याकडे बघवेना. मी माफी मागायला लागलो तर त्यानं हात वर करून थांबवलं. "मले सांगून काय होते? मले तं मालूमच हाये. गावात चला."

गाडी मी नेली, तो टोपली मांडीवर घेऊन शेजारी बसला. गाडीभर मोहाचा वास झाला. त्याच्या अंगणात फुलं वाळत घातली होती आणि फुलकाय ती हातानं उलथी करत होती. शोभारामनं आजूबाजूच्या घरांतून माणसं बोलावली, गावच्या समितीतला एक पोक्त गृहस्थ आला. सगळे येईपर्यंत मी ओट्यापाशी उभा राहिलो. मग मी सांगितलं. वर्गात पन्नास पोरांपुढे चार-चार तास बोलतो, इथं चार वाक्यांत सगळं सांगून झालं. कोणी शिवी दिली नाही. एका म्हाताऱ्यानं दुसऱ्याला कोरकूत काही विचारलं, त्यानं मान हलवली. समितीच्या गृहस्थांनी वहीचं पान फाडून पुढे केलं आणि म्हणाले, हे लिहून द्या.

मी ओट्यावर बसून लिहिलं. नाव, गाव, काम. आम्ही नवसाचे रोडगे केले, विस्तव तसाच जिवंत ठेवून निघून गेलो, त्यानंच आग लागली, शोभारामचा यात काही दोष नाही. अक्षर चांगलं काढलं. खाली सही केली. समितीच्या गृहस्थांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, मग शोभारामनं कोरकूत सांगितलं. मला जरा हलकं वाटायला लागलं होतं, आणि तेवढ्यात फुलकाय उठून जवळ आली. तीन वर्षांपूर्वी तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता.

"पानी तं मी आनून देल्लं होतं," ती म्हणाली. "कमी पडलं का? तीन साल झाले, मले वाटे, माह्यंच पानी कमी पडलं असन."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिला म्हणालो, नाही, कमी नव्हतं पडलं. तिनं विचारलं, मग गेलं कुठं? मी कागद परत मागून घेतला. सहीच्या खाली थोडीच जागा उरली होती. तिथं लिहिलं, की पाणी पुरेसं होतं, आणि मी त्यानं गाडीची काच धुतली.